डावीकडे ओढणारी मोटार

"निघू या वसंतराव, वाटेत बोलू," असं म्हणून कुमुदबाई मोटारीत बसायच्या आणि मग अख्ख्या वाटेत चकार शब्द बोलायच्या नाहीत. सुट्टीचं विचारा, संपलेल्या औषधांचं विचारा, दवाखान्याच्या गळक्या पत्र्याचं विचारा, उत्तर ठरलेलं. एकदा का स्टिअरिंग हातात आलं की डोळे रस्त्यावर आणि तोंडाला कुलूप. गाव आलं की पेटी उचलून त्या थेट पेशंटच्या घरात. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच. मी त्यांचा कंपाउंडर. अशी किती बोलणी राहून गेली, ते आता मोजायलाही नको.

डॉक्टर कुमुद प्रधान म्हणजे सत्तरच्या दशकातल्या भिवंडीत स्वतः मोटार चालवणारी बाई. पहिल्यांदा मोटार घेऊन बाजारात आल्या तेव्हा कापडाच्या लूमवरची माणसं चहाचे ग्लास हातात धरून बाहेर येऊन उभी राहिली होती. सकाळी भिवंडीत दवाखाना, दुपारनंतर वाडा गावच्या रस्त्याने शेलार, अंबाडी आणि आतले पाडे. बाळंतपणं हे त्यांचं मुख्य काम. फी कुणी दिली तर घ्यायच्या, नाही दिली तर मागायचं त्यांना सुचायचंच नाही. मोटारीच्या डिकीत औषधांपेक्षा काकड्या आणि वालाच्या शेंगाच जास्त. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "त्रागा करून ताप उतरत नाही, वसंतराव." माझा तर तोही उतरायचा नाही आणि त्रागाही.

तर त्या वर्षी भाद्रपदात मोटार शेलारला एका घरासमोर उभी होती. समोरच्या कारखान्यातून सुताचे गठ्ठे भरलेला ट्रक मागे मागे येत होता, तो सरळ आमच्या मोटारीच्या तोंडावर आदळला. मडगार्ड आत चेपून चाकात रुतलं, दिवा फुटला, बॉनेट वर उचललं गेलं. ट्रकचा क्लीनर मागे लोंबकळत होता, त्याचा हात फाटला. बाई घरातून धावत आल्या त्या मोटारीकडे न बघता त्याच्याकडे गेल्या. त्यांनी टाके घातले, मी आयोडीनची बाटली धरून उभा. पट्टी बांधून झाली, क्लीनर उठला, ट्रकमध्ये बसला आणि ट्रक निघून गेला. नंबर कुणीच घेतला नव्हता, आणि ट्रक भाड्याचा, त्यामुळे कारखान्यातही कुणाला माहीत नव्हता. आपली मोटार मोडणाऱ्याला आपणच पट्टी बांधून रवाना केलं, असं मी म्हटलं तर बाई म्हणाल्या, टाका ओला असताना नंबर विचारत नाहीत.

चाक फिरेना म्हणून बैल जुंपून मोटार ओढली आणि रस्त्याकडेला राघो लोहाराच्या भात्यापाशी उभी केली. मोटारीचा विमा होता, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मिळणार होता. अट एकच. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन नुकसान बघेपर्यंत मोटारीला हात लावायचा नाही. हे मी राघोला सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं, शेजारपाजाऱ्यांनाही सांगितलं.

मग सुरू झाले माझे ठाण्याचे हेलपाटे. एसटीने जायचं, बाकावर बसायचं, साहेब जेवायला गेलेत हे ऐकायचं, परत यायचं. पुढच्या वेळी साहेब असायचे, तर त्यांच्याजवळचा शिपाई नसायचा आणि फाइल त्याच्या कपाटात. ट्रकचा नंबर सगळेच विचारायचे. नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघायचे की ट्रक मीच चालवत होतो. पोलिसांच्या पंचनाम्यात 'पुढून मार लागला' याच्यापलीकडे काही नव्हतं. सर्व्हेअर येतील, आज येतील, उद्या येतील. मी इतका कंटाळलो होतो की एसटीतल्या कंडक्टरवरही खेकसायचो.

आणि इकडे बाई एसटीने अंबाडीला जाऊन तिथून पायी पाड्यांवर जात होत्या. एका संध्याकाळी आतल्या पाड्यावरून निरोप आला, एक बाळंतीण अडली आहे. आम्ही पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आई वाचली, मूल गेलं. मोटार असती तर दोन्ही वाचली असती, हे तिथे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. परतताना बाई फाट्यावर एसटीची वाट बघत एका दगडावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "ठाण्याचं काय झालं, वसंतराव?" इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाच विचारलं. मला त्या कचेरीचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर येणार असं ठरलं. बाईंना घेऊन मी सकाळीच शेलारला पोचलो, आणि मोटारीकडे बघतो तर काय! मडगार्ड सरळ. बॉनेट जागच्या जागी. चाक मोकळं. चेपलेल्या जागी लूमच्या दारांना लावतात तो निळा रंग. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली फुटलेला नारळ आणि शेजारी राघो हात पुसत उभा, तोंडभर हसत.

राघोच्या धाकट्या मुलाच्या वेळचं बाळंतपण बाईंनीच केलं होतं. दसऱ्याला तो ऐरण पुजायचा, हातोडे पुजायचा, आणि दारात उभी असलेली डॉक्टरीणबाईची गाडी न पुजता कशी सोडणार? "मोडक्या गाडीवर फूल कसा चढवायचा, बाय? आमच्यात न्हाय चालत," तो म्हणाला. "आन तुमी उनातानात चालत जाता, ता बघवत न्हाय." मी किती वेळा बजावलं होतं, असं मी ओरडलो. त्याला ते आठवत होतं. पण त्याच्या हिशेबी हात लावायचा नाही म्हणजे मोडायचं नाही. नीट करण्याला कोण कशाला नको म्हणेल?

तेवढ्यात सर्व्हेअर आले. माणूस वाईट नव्हता. माझ्यासारखाच दमलेला होता, एसटीने धुळीत माखून आलेला. त्यांनी मोटारीभोवती फेरी मारली, वाकून खाली बघितलं. पुढचा सांगाडा वाकलाय हे त्यांनाही दिसलं. पण ते म्हणाले, यातला मार ट्रकचा कोणता आणि हातोड्याचा कोणता, हे मी कसं लिहू? फार तर फुटलेल्या दिव्याचं मिळेल. मी हातापाया पडलो. तेव्हा बाजूला घेऊन त्यांनी एक वाट सांगितली. माझ्या परवानगीवाचून या माणसाने मोटारीची मोडतोड केली, अशी बाईंनी लोहाराविरुद्ध पोलिसात तक्रार द्यायची. तसा कागद असेल तर वर सांगता येईल, पुरी दुरुस्ती मिळेल.

मी आशेने बाईंकडे बघितलं. खरं सांगतो, मी सही घ्यायला पेनसुद्धा काढलं होतं. राघो लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता, अजून हसतच.

"त्याने माझी मोटार नीट केलीय," बाई म्हणाल्या. "नीट केल्याबद्दल मी कुणाला पोलिसात देत नाही. तुम्ही दिव्याचं लिहा."

सर्व्हेअरनी दिव्याचं लिहिलं. बाईंनी राघोच्या घरचा चहा घेतला, त्याच्या बायकोकडून कुंकू लावून घेतलं आणि मोटारीत बसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी म्हटलं, बाई, चांगुलपण तुमचं आणि हेलपाटे माझे, हा कुठला न्याय? त्यांनी किल्ली फिरवली. "निघू या वसंतराव, वाटेत बोलू."

मोटार सुरू झाली, धावलीही, पण सारखी डावीकडे, रस्त्याबाहेर ओढायला लागली. भिवंडीच्या मेकॅनिकने खाली शिरून बघितलं आणि सांगून टाकलं, "चेसिस टेढी है बाईसाब. ये तो लेफ्ट ही खींचेगी." पुरतं काम करायचं तर मोठ्या वर्कशॉपला, आणि तेवढं बाईंकडे कधी साठलंच नाही. मग काय, पुढची सगळी वर्षं त्यांनी ती मोटार उजवीकडे ओढत चालवली. पाऊस असो, चिखल असो, समोरून ट्रक येवो, बाईंचे दोन्ही हात उजवीकडे ताणलेले. खांदा गेला. वेणी घालायला हात वर जाईना, दवाखान्यातली आया त्यांचे केस विंचरायची. मी शेजारी बसून बघायचो. कधी न राहवून स्टिअरिंगला हात लावला की लगेच म्हणायच्या, "हात काढा. ती कुठे ओढतेय ते मला कळायला हवं." प्रवासात त्या एवढंच काय ते बोलायच्या. पण त्यानंतर एकाही पाड्यावर आम्ही उशिरा पोचलो नाही, हेही सांगायला हवं. राघोला त्यांनी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. दर दसऱ्याला तो हार घेऊन यायचा आणि निळ्या रंगावर फडकं मारून विचारायचा, "कशी चालते, बाय?" बाई म्हणायच्या, "सरळ चालते."

मला त्या गोष्टीचा राग अजून येतो. विमा कंपनीचा येतो, राघोचा येतो, बाईंचा तर सगळ्यात जास्त येतो. असं कुणी इतकं चांगलं असू नये, शेजारच्या माणसाला त्रास होतो.

शेवटच्या आजारात बाई दवाखान्यामागच्या खोलीत पडून होत्या. ओळख राहिली नव्हती, बोलणं बंद झालं होतं. बाहेर ओटीवर शेलारची माणसं बसली होती. दुपारी मी आत औषध द्यायला गेलो तर पांघरुणावर बाईंचे दोन्ही हात मुठी वळून उजवीकडे ओढत होते. जोर लावून. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, सोडा आता. सरळ चाललीय."

त्यांनी सोडलं नाही. मग मी खाटेवर त्यांच्या डावीकडे बसलो, मोटारीत बसायचो तसा, आणि त्यांच्या मुठींवर हात ठेवून त्यांच्याबरोबर उजवीकडे ओढत राहिलो. त्या दिवशी बाई हात काढा म्हणाल्या नाहीत.