मिनरल्सचा बिझनेस

२००५ च्या एप्रिलमध्ये माझ्या रूममेटचे वडील पुण्याहून अमेरिकेत आले होते. त्यांना इथलं समुद्रासारखं मोठं तळं दाखवायचं म्हणून आम्ही तिघं भाड्याच्या गाडीने विस्कॉन्सिनच्या उत्तरेला गेलो. कॅलेंडरवर वसंत होता, पण कड्याच्या खाचांत अजून बर्फ होता आणि पाण्यावरून येणारा वारा जॅकेटच्या बाह्यांतून आत शिरत होता. काकांनी माकडटोपी घातली होती. ‘बाबा, फोटोपुरती तरी काढा ना ती,’ असं रूममेट म्हणाली की काका ती आणखी खाली ओढत.

वाट कड्याच्या पायथ्याने जात होती. एका बाजूला चुनखडीची उभी भिंत, दुसरीकडे राखाडी पाणी. ती भिंत दिसल्यापासून मी मागे मागे राहत होते.

पहिल्या सेमिस्टरला लॅबमध्ये वडील काय करतात असा विषय निघाला होता. कुणाचे प्रोफेसर, कुणाचे बँकेत. माझी पाळी आली तेव्हा मी ‘मिनरल्सचा बिझनेस’ म्हणाले. माझे बाबा वणीजवळच्या एका चुनाभट्टीवर काम करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ते वाक्य तोंडातून गेलं आणि दीड वर्षात मला मागे घेता आलं नाही.

कोसळलेल्या दगडांपाशी काका थांबले. एक तुकडा माझ्या हातात देत म्हणाले, ‘तुझ्या बाबांची लाइन ना ही? कसा आहे माल?’

मी विचार न करता तो दुसऱ्या दगडावर आपटला आणि फुटलेली बाजू उजेडाकडे धरली. दाणा भरड आहे, म्हणाले. भट्टीत तडकून भुगा होईल, भुग्याने हवा कोंडेल आणि दगड कच्चा राहील.

काका इंजिनियर. ते खूश झाले. कोळशाचे थर कसे रचतात, भट्टी किती दिवस जळते, ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. मग त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्या किती भट्ट्या आहेत?’

रूममेट माझ्याकडे बघत होती. एखादा आकडा सांगितला असता तरी चाललं असतं. पण आत्ता बोलले ते सगळं मी बाबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा त्यांच्याकडूनच शिकले होते. ते सांगून झाल्यावर त्यांनाच पुसून टाकायला जीभ वळेना.

‘एकही नाही, काका. बाबा दुसऱ्याच्या भट्टीत दगड भरतात. रोजावर.’

काकांनी बाबांच्या हातांचं विचारलं. चुन्याने भेगा पडतात, मी म्हणाले, खोबरेल लावतात.

गाडी दिसायला लागली तेव्हा रूममेट म्हणाली, ‘यार, मी अख्ख्या लॅबला सांगितलंय, तुमच्या खाणी आहेत म्हणून.’ मला हसू आलं. ती हसली नाही. ‘आता तूच सांग. मी नाही सांगणार.’

सोमवारी मी लॅबमधल्या दोघांना सांगितलं. एकाने ‘अच्छा’ म्हणून पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं. दुसरीने बाबांचं वय विचारलं. तिसऱ्याच्या टेबलापर्यंत गेले आणि प्रिंटरमध्ये कागद आहे का एवढंच विचारून परत आले. त्याला सांगायला मे महिना उजाडला.