इंजिन चालू, चहा चालू

ताईने बस हातात घेतली की भलेभले ट्रकवाले बाजूला सरत. आवाजही तसाच खणखणीत, त्यामुळे डेपोत तिच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. राहायची डेपोच्या मागच्याच क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, सोबत दमेकरी सासूबाई.

लॉकडाऊन लागला, बसगाड्या जागच्या जागी थांबल्या, शहरावरचा धुरकटपणा गेला आणि सासूबाईंचा दमा कुठच्या कुठे पळाला. श्वासाचा पंप कपाटात पडून राहिला. म्हातारी न थांबता दोन जिने चढायची आणि वर सुनेला चिडवायची, "तुझी बस बंद, माझी चालू!"

डेपो पुन्हा उघडला त्या सकाळी ताई हरखून गेली होती. इतरांसारखंच तिनेही इंजिन चालू करून ठेवलं आणि चहाला गेली. ब्रेकची हवा भरायला गाडी थोडा वेळ चालू ठेवावीच लागते. पण हवा भरली तरी ड्रायव्हर मंडळींचा चहा काही संपत नसे. डबा विसरला म्हणून ती घरी धावली, तर सासूबाई पलंगाची कड धरून धापा टाकत होत्या. खिडकीखाली तिचीच बस धूर ओकत होती. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने आपली गाडी बंद केली, बाकीच्यांनाही सांगून पाहिलं. सगळ्यांत जुने ड्रायव्हर, काका, हसले. "चार दिवस घरी काय बसलीस, आम्हाला गाडी शिकवायला लागलीस होय?"

ताई तणतणत घरी आली. सासूबाई म्हणाल्या, "भांडून घसा कशाला कोरडा करतेस? उद्याचा चहा इथेच ठेव. गाड्या चालू ठेवूनच या म्हणावं."

"आणि तुम्हाला त्रास झाला तर?"

"तो आता रोजचाच. उद्या जरा वाटून घेऊ."

मंडळी आली. कप हातात पडेपर्यंत खोली धुराने कोंदली. पहिला ठसका काकांनाच लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाईंनी पंप ओढला आणि अगत्याने म्हणाल्या, "घ्या ना, संकोच कसला? मी तर रोज घेते."

काकांनी कप खाली ठेवला. जिना उतरले, गाडी बंद केली. मग एकेक जण उतरला. परत वर येऊन काका म्हणाले, "चुकलं, मावशी. उद्यापासून आधी चहा, मग इंजिन."

"आणि रस्त्यावरच्या धुराचं काय?" कोणीतरी विचारलं.

"त्याच्याशीही भांडू," ताई म्हणाली. "पण माझी सासू यापुढे माझ्या हातून गुदमरणार नाही."