शुक्रवारचा प्रीव्ह्यू

अमेरिकन फुटबॉलवर मी एक अख्खा सीझन लिहिलं आणि त्यातल्या एकाही मजकुराखाली माझं नाव नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मोठी शौकीन असणार, स्टेडियममध्ये जाऊन ओरडत असणार. स्टेडियमचं मी फक्त छप्पर पाहिलं, तेही हायवेवरून.

ट्रॉय हे डेट्रॉइटला लागून असलेलं गाव. फलटणच्या कॉलेजातली गणिताची नोकरी सोडून, लग्न करून मी तिथे गेले. माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. त्या व्हिसाला सगळे सरळ 'डिपेन्डंट' म्हणत आणि तो शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरायचं. गाडी एकच, ती नवरा ऑफिसला घेऊन जायचा. आमच्या अपार्टमेंटच्या दारातून जो फूटपाथ निघायचा, तो तीन इमारती ओलांडून गवतात संपायचा. त्यापुढे सहा पदरी रस्ता. पहिल्या आठवड्यात मी त्या टोकापर्यंत चालत गेले, जराशी उभी राहिले आणि परत आले. दुसऱ्या आठवड्यातही तेच केलं. मग थंडी सुरू झाली आणि तेवढंही बंद झालं.

घरात टीव्ही होता, केबल नव्हती. अँटेनावर चार-पाच चॅनल दिसत आणि रविवारी त्यातल्या निम्म्यांवर फुटबॉल असायचा. सुरुवातीला मला ती नुसती धक्काबुक्की वाटली. पण एका रविवारी कॅमेरा खाली, गवताच्या उंचीवर आला आणि मला ते पाच जण दिसले. वाकून, एक हात जमिनीला टेकवून रांगेत बसलेले. चेंडू हलेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. जरा आधी कुणी हलला की शिट्टी आणि संघ पाच यार्ड मागे.

मी भाजी निवडायची थांबले. हे मला माहीत होतं. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी खो-खो खेळले, तिसऱ्या चौकोनात. आठ जणी उकिडव्या बसायच्या. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, मग समोरून कुणी का पळत जाईना. उठण्याची सगळी ताकद पायात गोळा करून बसून राहणं, हीच त्यातली अवघड गोष्ट. नवऱ्यानं लायब्ररीत नेलं तेव्हा मी मुलांच्या विभागातून नियमांचं एक पुस्तक आणलं आणि सगळं समजून घेतलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याचा. यात काही ब्रह्मज्ञान नाही.

नवऱ्याला खेळात काडीचा रस नव्हता. पण सोमवारी सकाळी त्याच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषयच नसायचा आणि हा आपला कप धरून हसत उभा. मी त्याला रविवारी रात्री जेवताना दोन-तीन गोष्टी सांगायचे, तो त्या सोमवारी सांगायचा. इथपर्यंत ठीक होतं. नवरा-बायकोत एवढं चालतं. पण त्यांच्या टीममध्ये एक प्रथा होती. दर शुक्रवारी एकानं येत्या सामन्याचा प्रीव्ह्यू लिहून सगळ्यांना ईमेल करायचा: कोण जिंकेल, का जिंकेल, कुणावर नजर ठेवायची. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याची पाळी आली आणि तो पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला.

"अगं, तूच लिहून दे ना यार," तो म्हणाला. "एकदाच."

मी लिहून दिलं. चेंडू फेकणाऱ्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी त्या रांगेतल्या पाच जणांबद्दल लिहिलं. गडी जमिनीला टेकवलेल्या हातावर भार देतो तेव्हा त्याची बोटं पांढरी पडतात, मग समजायचं की चेंडू घेऊन धावणार आहेत. भार मागे, टाचांवर असेल तर चेंडू फेकणार. हे मी टीव्हीच्या काचेला नाक लावून पाहिलं होतं. शुक्रवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला, मॅनेजरनं प्रिंट काढून बोर्डावर लावलंय म्हणून. पुढच्या शुक्रवारी पाळी दुसऱ्याची होती, पण सगळ्यांनी यालाच लिहायला सांगितलं. महिन्याभरात टीमनं त्याला डेट्रॉइटच्या संघाचा निळा कॉफीमग बक्षीस दिला. आयत्या बिळावर नागोबा. तो कॉफीमग रोज संध्याकाळी घरी यायचा आणि मी तो धुवायचे.

मला कॉफीमग नको होता. नाव हवं होतं. खाली माझं नाव, एवढंच. मी ते एकदा स्पष्ट बोलले. तो म्हणाला की आता सांगितलं तर आतापर्यंत खोटं बोललो असं होईल. त्याच्या ग्रीनकार्डची फाइल त्याच मॅनेजरकडे होती, त्याच्या सहीचं पत्र जायचं होतं. मोटारींच्या कंपन्या माणसं कमी करत होत्या, त्याच्या शेजारची दोन टेबलं रिकामी झाली होती. ग्रीनकार्ड झालं की मलाही नोकरी करता येणार होती. म्हणजे माझ्या सुटकेची किल्ली त्याच्या नावात आणि त्याचं नाव माझ्या मजकुरावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. मी लिहीत राहिले.

आणि खरं सांगायचं तर लिहायला मला आवडायचं. आठवडाभर मी कुणाशी बोलत नसे, त्या एका पानात बोलून घ्यायचे.

नोव्हेंबरातल्या सुट्टीच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, डेट्रॉइटचा संघ दरवर्षी घरच्या मैदानावर खेळतो. त्या वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, समोर सरोवरापलीकडचा, विस्कॉन्सिनचा संघ होता. दोघे एकाच गटातले. गटातलं वैर म्हणजे बांधावरची भाऊबंदकी. वर्षातून दोनदा भेट होणारच आणि दोन्ही वेळा जुनं उकरून निघणारच. त्यातून आमचा संघ सुरुवातीला छान जिंकून आता घसरायला लागला होता. मी 'आमचा' म्हणायला लागले होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

त्या सामन्याचा प्रीव्ह्यू मी तीन दिवस लिहिला. नवऱ्यानं तो सुट्टीमुळे बुधवारीच पाठवला. मी लिहिलं होतं की त्यांचा तो जुना, नावाजलेला चेंडूफेक्या बघत बसू नका. छपराच्या स्टेडियममध्ये आवाज घुमतो, तेव्हा चेंडू त्यांच्याकडे असताना घसा फोडून ओरडा, म्हणजे त्यांची रांग चुकून आधी उठेल. पण भीती मला आमच्याच रांगेची वाटते. मागे पडलेला गडी उतावळा होतो. दोनदा हरला की तिसऱ्यांदा त्याची टाच चेंडूच्या आधी उचलली जाते. आमच्या डावीकडच्या शेवटच्या गड्याची टाच बघा. ती स्थिर राहिली तर आपण जिंकू.

मॅनेजरनं सामन्याच्या दिवशी आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. मी मटारच्या करंज्या करून नेल्या. तिथे गेल्यावर पुरुष तळघरात मोठ्या टीव्हीपुढे गेले आणि बायका वर स्वयंपाकघरात राहिल्या. निघण्याआधी नवरा एवढंच म्हणाला होता, "तिथे गेमबद्दल फार बोलू नकोस हं." मॅनेजरची बायको चांगली होती. तिनं मला बटाटे सोलायला दिले आणि भारतात हिवाळा असतो का ते विचारलं. मी उत्तरं देत होते आणि कान खाली होते. शिट्टी ऐकू यायची, पण कुणासाठी ते कळायचं नाही. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

शेवटी मीच करंज्यांचं ताट उचललं आणि खाली घेऊन गेले. आमचा संघ मागे पडला होता. टीव्हीसमोरच्या मोठ्या खुर्चीत मॅनेजरचे वडील बसले होते, हातात काठी, गुडघे कामातून गेलेले. तरुणपणी शाळेच्या संघातून ते त्याच रांगेत खेळले होते. मुलगा त्यांना दर आठवड्याला नवऱ्याच्या नावाचा प्रीव्ह्यू वाचायला द्यायचा. ते माझ्या नवऱ्याला विचारत होते की रांग बघायला तुला कुणी शिकवलं, बोटांचं ते टीव्हीवर बघून कुणाला कळत नाही.

मी पायरीवर ताट धरून थांबले. आता तो माझं नाव घेईल असं मला एक क्षण खरंच वाटलं.

नवरा म्हणाला, भारतात आम्ही एक खेळ खेळायचो. त्यात रांगेत उकिडवं बसावं लागतं आणि मागून थाप मिळेपर्यंत उठता येत नाही.

लग्न ठरलं तेव्हा फोनवर मी त्याला खो-खोच्या गोष्टी सांगितल्या होत्या. धुळीनं भरलेलं मैदान, सोललेले गुडघे, जिल्ह्याची फायनल. त्यानं आयुष्यात चौकोनात पाऊल ठेवलं नव्हतं. प्रीव्ह्यू मी लिहून दिले होते, ते दिलेले होते. हे मी दिलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं रस घेऊन विचारलं, बसताना तोंड कुठे करायचं?

"सगळ्यांचं समोर," नवरा म्हणाला. "एकाच बाजूला."

चूक. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, फलटणचं शेंबडं पोरही सांगेल. मी ताट टेबलावर ठेवलं. तेवढ्यात टीव्हीवर आमची रांग बसली, डावीकडच्या शेवटच्या गड्याची टाच हलली आणि माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "उठला." मागोमाग शिट्टी वाजली, पंचाचं चूक दाखवणारं पिवळं फडकं मैदानात पडलं आणि तळघरातले सगळे हळहळले. म्हातारा टीव्हीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

आम्ही हरलो. जेवण झालं, भोपळ्याचा गोड 'पाय' खाऊन झाला, आभार मानून झाले. बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ धरलं होतं म्हणून नवरा ते खरवडायला पुढे गेला. मी दाराशी कोट घालत होते. म्हातारा काठी टेकत आला. आसपास कुणी नव्हतं. हळू आवाजात, साध्या इंग्रजीत त्यानं विचारलं, "त्या खेळात तू कुठे बसायचीस?"

तिसऱ्या चौकोनात. दोन शब्द होते. काचेतून मला नवरा दिसत होता, पाठमोरा, खांदे वर करून खरवडत असलेला. त्याची फाइल, मॅनेजरची सही, ती रिकामी दोन टेबलं, सगळं मला दिसत होतं. समोरचा माणूस त्याच सही करणाऱ्याचा बाप होता.

"मी नाही," मी म्हणाले. "माझा नवरा खेळायचा."

त्यानं मान हलवली. रागावला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "मग त्याला सांग, सगळे एकाच बाजूला तोंड करून बसले तर मागचं निम्मं मैदान कोण सांभाळणार?"

एवढं बोलून त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

नऊ वर्षं मी खो-खो खेळले. घाईनं आधी उठलेल्या पुष्कळ जणी पाहिल्या, मीही उठले, फाउल झाले, शिव्या खाल्ल्या. पण पाठीवर थाप पडून, खो ऐकूनही चौकोनात बसून राहिलेली मुलगी मी एकही पाहिली नव्हती. मला नवऱ्याचा राग आला होताच. पण गाडीपर्यंतच्या त्या दहा पावलांत मला स्वतःची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

गाडीत हीटर सुरू होता. नवरा खुशीत होता. सगळं छान पार पडलं, म्हाताऱ्याला तर मी फारच आवडलो, असं म्हणाला. दाराशी काय बोलत होते तेही त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, करंज्या आवडल्या म्हणत होते.

मग सिग्नलला थांबल्यावर त्यानं विचारलं, "पुढच्या शुक्रवारचं काय?"

"देते लिहून," मी म्हणाले.