खालून वाजवून बघ

सुमनकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बावधनच्या घरात मेथी निवडत होते. त्यांची सून वैशाली एवढंच म्हणाली, "ताई, आई गेल्या…" पाच आठवडे झाले त्याला.

परभणीहून नोकरीसाठी पुण्याकडे आले तेव्हा नांदे गावात काकूंच्या घरी, वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी कडक आवाजात नियम सांगितले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पिठलं घेऊन वर आल्या. एका रविवारी मी नव्या ओव्हनमध्ये पिझ्झा केला. वरचं चीज झकास बुडबुडत होतं. खुशीत खाली नेऊन दिला, तर काकूंनी एक घास चावून हातावर काढला. "वरचं वितळलं म्हंजी झालं व्हय? मधी पीठ कच्चं हाय की." मग ओव्हन कधी न वापरलेल्या त्या बाईने वर येऊन माझा दुसरा पिझ्झा उलथन्याने उचलला, तळ पाहिला, बोटाने वाजवला. "अजून बद वाजतंय. ऱ्हाऊ दे." काही मिनिटांनी पुन्हा पाहिलं… तळाला तांबूस ठिपके, कड दाबली की वर येणारी, आणि कोरडा टकटक आवाज. "आता काढ." त्यानंतर पिझ्झा केला की तो खाली नेऊन काकूंकडून वाजवून घ्यायचा, असं ठरूनच गेलं. त्याला त्या 'तुजी ती फुगीर भाकर' म्हणत, पण कडा हक्काने मागून घेत.

लग्नानंतर मी बावधनला आले. गेल्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना म्हणून नाकातून नळी. मी जायचे, उशाशी बसायचे, काय करावं ते कळायचं नाही. एकदा वैशालीच्या मुलींनी हट्ट धरला म्हणून मी तिथेच पिझ्झा लावला. वास सुटला तशा काकू डाव्या हाताने गादीवर थापट्या मारायला लागल्या. वैशालीला वाटलं, काही दुखतंय. मला कळलं. पिझ्झा उलथन्यावर तिरका धरून त्यांच्यापुढे नेला. त्यांनी बोटाने वाजवला आणि मान हलवली, नाही. परत ठेवला. दुसऱ्यांदा वाजवून त्यांनी डोळे मिटून खूण केली, झालं.

मुली समोर बसून खात होत्या, काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. सवयीने मी एक कड मोडली, त्यांच्या ओठांपर्यंत नेली… आणि वैशालीने हळूच माझा हात धरला. काकूच मग अर्ध्या तोंडाने हसल्या, मला धीर द्यावा तशा.

परवा नांद्याला गेले. खोलीतली कॉट काढली होती. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा राहिलाय. "ह्ये म्हणत्यात, रंग देऊन टाकू," वैशाली म्हणाली. "मी न्हाई म्हणलं." मी "बरं केलंस" म्हणाले. आम्ही दोघी त्या डागासमोर उभ्या होतो, आणि दारातून मुली विचारत राहिल्या, "आई, जेवायला कधी बसायचं?"