पुलाच्या अलीकडची रायफल

व्हर्ना कडबॅकच्या दुकानात कोणी बंदूक बघायला आला, की ती आधी विचारायची, "राहतोस कुठं?" आमचं मॅटामोरस हे गावच असं, की डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया संपून न्यू यॉर्क लागतं, आणि जरा खाली गेलं की न्यू जर्सी. घोडा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपसूक जागेवर येते, अशी रायफल आमच्याकडं दुकानाच्या भिंतीवर उघड टांगलेली असते. पुलापलीकडं मात्र तिची गोळ्यांची पेटी सुटी निघत असेल आणि खाली पिस्तुलासारखी मूठ असेल, तर तेवढ्यावरून ती जवळ बाळगणारा गुन्हेगार ठरतो. न्यू जर्सीत तर काही रायफलींवर नावानिशी बंदी. व्हर्नाला हे सगळं तोंडपाठ. पलीकडचं गिऱ्हाईक हिरमुसून परत जायचं, जाताना तिला खडूस म्हातारी म्हणायचं, आणि ती खुशाल दुसरी बंदूक पुसायला घ्यायची.

पलीकडं पोर्ट जर्व्हिसला तिचा थोरला भाऊ हार्लन राहायचा. त्याचा एकुलता एक मुलगा नील इकडंच राहत होता. स्वतःच्या कमाईनं त्यानं तसलीच एक रायफल घेतली होती, आणि वर्षभरात लाकडाच्या ट्रकखाली सापडून तो गेला. रायफल आली बापाकडं, पण बापाचं घर पुलापलीकडं! म्हणून ती व्हर्नाच्या तिजोरीत राहिली. दर रविवारी हार्लन यायचा, तिला तेल लावायचा आणि ती मूठ हातात धरून बसायचा. व्हर्नानं त्याला कितीदा सांगितलं, की मूठ काढून साधा दस्ता बसवून देते, मग ती खुशाल तुझ्या घरी राहील.

"ती मूठच तर त्यानं स्वतःच्या हातानं घडवलेली आहे," हार्लन म्हणायचा. "बाकी सगळं कारखान्याचं."

मग हार्लनच्या हाडांत कॅन्सर शिरला आणि तो अंथरुणाला खिळला. त्यानं निरोप धाडला, एकदाच रायफल घेऊन ये, डोळे मिटायच्या आत हातात घेऊ दे. अख्खं गाव व्हर्नाच्या मागं लागलं. चादरीत गुंडाळून ने, कोण बघतंय? पलीकडचा एक निवृत्त पोलीससुद्धा म्हणाला, मी त्या दिवशी मान फिरवून बसेन. व्हर्ना नाहीच म्हणाली. हार्लननं तिच्याशी बोलणं टाकलं. खरं सांगायचं तर मलाही त्या बाईचा संताप आला होता. सख्खा भाऊ मरतोय आणि हिला कायदा सुचतोय!

तिनं खुलासा केला तो माझ्या बायकोपाशी. "लोकांची पोरं मी रडत परत पाठवलीत गं. आता माझ्या भावाची वेळ आली म्हणून पूल माझ्यासाठी वेगळा झाला का?"

आणि ज्या बाईनं जन्मात कोणापुढं हात पसरला नव्हता, ती पलीकडच्या अग्निशमन दलाच्या दारात जाऊन उभी राहिली. रायफल इकडं आणता येत नाही, म्हणाली, पण माणूस तिकडं न्यायला कोणाची बंदी नाही. गाडीचा एकेक धक्का हार्लनला सोसवत नव्हता. तेव्हा दलातल्या चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलला आणि पायी पुलावर आणला. त्यात ड्वाइट स्वार्टवूट होता. त्यालाही व्हर्नानं एकदा विन्मुख धाडलं होतं, आणि तेव्हापासून तो तिच्या दुकानाकडं बघतही नव्हता. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. कोणी भोंगा वाजवला नाही. लोक उतरून टोप्या काढून उभे राहिले. मी इतकी वर्षं त्या पुलावरून येतोय-जातोय, पण असं कधी पाहिलं नाही.

दुकानात व्हर्नानं रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि ती भावाच्या मांडीवर ठेवली. हार्लननं मुठीवर बोटं बसवली. मुलाची बोटं जिथं बसायची, तिथंच.

शेवटी ड्वाइट हळूच म्हणाला, की उजेड आहे तोवर परत निघूया.

हार्लननं जन्मभर आम्हा पेनसिल्व्हेनियावाल्यांना शिव्या घातल्या होत्या. या राज्यात एक रात्र काढायची वेळ आली तर नदीत उडी घेईन, म्हणायचा. त्यानं बहिणीकडं पाहिलं.

"व्हर्ने, मागच्या खोलीत एक खाट मावेल का गं?"

व्हर्ना तडक मागं गेली. खोलीतली खोकी ती एकटीच बाहेर ओढायला लागली. मग ड्वाइटनं अंगातला कोट काढला आणि तिच्या हातातलं खोकं घेतलं.