बुजवलेली चर

दोन्ही डोळे शाबूत असून लोक त्याला एकडोळ्या म्हणायचे. कोळशासोबत खाणीतून निघणारा दगड-मातीचा टाकाऊ माल जिथं रचतात, त्या डोंगराएवढ्या ढिगाचा तो मुकादम. उतारावर रोवलेल्या खुंट्या ओळीत आहेत का, हे रोज सकाळी एक डोळा मिटून बघायचा. जेवतानाही बूड टेकत नसे. बायको म्हणायची, "ढिगाशीच लग्न लावायचं होतं, मी तरी सुटले असते."

सव्वीस वर्षं त्यानं ढीग थराथरानं चढवला. एकेक थर गुडघाभर उंचीच्या आतच पसरायचा, डोझरनं दाबायचा, मगच पुढचा. मागच्या टेकडीचं पाणी ढिगात शिरू नये म्हणून वर चर. आत मुरलेलं निघायला पायथ्याशी पाइप. पाइपापलीकडं घरांची एक रांग. त्यात त्याची थोरली बहीण राहायची.

पावसाच्या तिसऱ्या सकाळी पाइपातलं एरवीचं नितळ पाणी काळं, दाट आलं. एकडोळ्यानं ओंजळीत धरलं, तर तळाशी रेव बसली. धडपडत वर गेला. मधल्या खुंट्या चार बोटं बाहेर सरकलेल्या.

चिखलाच्या बुटांनी तो साहेबांच्या खोलीत शिरला.

"पाणी बाहेर पडतंय ना? मग चांगलंच की," साहेब म्हणाले.

"पाणी नाही साहेब, ढिगाची आतडी बाहेर पडतायत. ट्रक थांबवा. खालची घरं रिकामी करा."

"पण झालं कशानं?"

पावसावर ढकलता आलं असतं. पण मग चर उकरायला कुणी गेलं नसतं.

"माझ्यानं. ट्रक वळवायला जागा हवी म्हणून गेल्या महिन्यात मीच वरची चर बुजवली. चार दिवसांत उकरू म्हटलं, राहून गेलं."

साहेबांनी फोन उचलला. "तुझं नंतर बघतो."

बहीण दारातून हलेना. "दर पावसात तुझं हेच. मागच्या वेळी माझी अंथरुणं भिजवलीस फुकटची!"

"अक्का, या वेळी माती मी खाल्लीय. चल."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि छत्रीही न घेता निघाली.

वर मशीननं चर उकरली. खाली पायथा दाबून धरायला मोठ्या दगडांचे ट्रक ओतले. दुपारी मधला उतार सुटला, दगडांवर आदळला. त्यातला थोडा माल पलीकडं उडून रांगेच्या मागच्या न्हाण्या चेपून थांबला. घरं उभी राहिली. आत कुणी नव्हतं.

साहेबांनी एकडोळ्याला ढिगावरून काढून फाटकावर बसवलं. ढिगावर दुसरा मुकादम आला. सुट्टीच्या दिवशी एकडोळ्या बहिणीची न्हाणी बांधायला गेला.

"भिंत बांध खुशाल," ती म्हणाली, "पण पाणी जायची वाट गवंडी काढेल."

तो हसला नाही. एक वीट ठेवायचा, मान वळवून उताराकडं बघायचा, मग दुसरी उचलायचा.