चेकआउट म्हणजे चेकआउट

मंडळी, पहिला फ्लॅट घेतलेल्यांनी वाचाच.

बाळकुमच्या माझ्या फ्लॅटमध्ये सावंत कुटुंब चार वर्षं भाड्याने राहिलेलं. रोजच्या भाड्यात जास्त पैसे सुटतात, म्हणून मी ॲग्रीमेंट रिन्यू न करता फ्लॅट बुकिंग ॲपवर टाकला. ते लांब, दिवा स्टेशनजवळ राहायला गेले.

पहिलं बुकिंग त्यांचंच आलं, कालच्या एका रात्रीचं! आज मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि दिव्यात नळाला पाणी नव्हतं.

चेकआउट सकाळी अकराचा. साडेअकराला गेलो तर दार उघडं, आत कांदेपोहे चाललेले आणि सावंतकाकू सांगतायत, "हे आमचंच घर."

मला बघून त्या दारात आल्या. "दहाच मिनिटं दे रे."

"काकू, पुढचं गिऱ्हाईक खाली उभंय," मी आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो.

पाहुणे बशा तशाच ठेवून उठले. त्या बशा मुलीने घासून, पुसून जागेवर लावल्या. मी ॲपवर त्यांना गेस्ट म्हणून फाइव्ह स्टार दिले.

तर सांगा, लाँग टर्म की शॉर्ट टर्म?